ओला डाव

तारामतीनं उलथण्यावरचा थेंब गार ताटलीत पाडला आणि ताटली तिरपी केली. थेंब ओघळून कडेला गेला. तिनं ताटली महानंदापुढं धरली.

“पळाला म्हंजे झाला न्हाई. अजून थोडं हलव.”

महानंदानं पदर कमरेला घट्ट खोचला आणि लाकडी उलथणं पुन्हा हातात घेतलं. पातेल्यात केळ्यांचा गर आणि पेरूचं गाळलेलं पाणी साखरेशी एकजीव होऊन रटरटत होतं. एक शिंतोडा तिच्या मनगटावर उडाला. तो तिनं पदरानं टिपला, हात मात्र थांबवला नाही. तळाशी उलथण्याचा आवाज जरा जड झाला, तशी तिनं आपण होऊनच दुसरा थेंब पाडला. हा थेंब जागचा हलला नाही. बोटानं हळूच रेटला तेव्हा त्याच्या अंगावर बारीक सुरकुती आली.

“झाला ना, अक्का?”

झाला होता. रंगही मधासारखा उतरला होता. हे ओळखू येण्यासाठी तारामतीला पहिल्या वर्षी दोन पातेली करपवावी लागली होती, आणि या पोरीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तारामतीला एकदम हलकं वाटलं. चिंध्या धरून पातेलं खाली उतरवताना तिच्या मनात ती पोर नव्हती आणि जॅमही नव्हता. माहेरच्या, अर्धापूरच्या घराचं मागचं दार होतं, आणि त्या दाराशी बाजेवर निजलेली माय.

महानंदा तिची धाकटी जाऊ. धाकट्या दिराशी, संगप्पाशी, तिचं लग्न वैशाखात झालं होतं. तिचे वडील किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. मुलीचं डी.एड.चं एक वर्ष राहिलं आहे, तेवढं पुरं होऊ द्यावं, एवढीच त्यांची साखरपुड्यातली मागणी होती आणि सासऱ्यांनी, सिद्रामप्पांनी, ती चारचौघांत मान्य केली होती. त्याप्रमाणे महानंदा जूनमध्ये नांदेडच्या हॉस्टेलात परत गेलीही. पण यंदा हॉस्टेलची विहीर दसऱ्याच्या आधीच आटली, पोरींना आंघोळीला पाणी पुरेना, तेव्हा दिवाळीची सुटी लवकर दिली गेली आणि ती लातूरला आली. सासूबाईंना, साखराबाईंना, घरातले रिकामे हात बघवत नसत. त्यांनी तारामतीला सांगितलं, हिला बाटल्या शिकव. हिला जमलं तर यंदाच्या दिवाळीला तू माहेरी जाऊन ये.

घरात जॅमला जॅम कुणीच म्हणत नसे. या बाजूला जाम म्हणजे पेरू, आणि शब्दांचा घोळ होऊन सिद्रामप्पांनी एकदा टोपलीभर पेरूच आणून टाकले होते. तेव्हापासून सगळे ‘बाटल्या’ म्हणत. बाटल्या करायच्या, बाटल्या द्यायच्या, कुणाकडं बाटल्या पोचल्या आणि कुणाकडं राहिल्या.

बाटल्यांची सुरुवात जिल्हा झाला त्या वर्षीची. तोवर सिद्रामप्पांना घरच्या डाळमिलच्या कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादला खेप घालावी लागे. पहाटेची एसटी, दुपारी साहेब जेवायला गेलेले, संध्याकाळी रिकाम्या हातानं परत. मग लातूरचा जिल्हा झाला आणि कचेरी दाराशी आली. तिच्या मागोमाग परमुलखातले साहेब आले, भाड्यानं घरं घेऊन राहू लागले. पहिल्याच दिवाळीत गावातल्या झाडून सगळ्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडे पेढ्यांचे पुडे धाडले. ते पुडे साहेबांच्या घरांतून शिपायांच्या घरी गेले आणि शिपायांच्या पोरांनाही पेढे नकोसे झाले. त्या वर्षी माहेरून आलेली केळी एकदमच पिकली म्हणून तारामतीनं लेकीला पोळीशी खायला थोडा जॅम केला होता. शाळेत असताना अर्धापूरच्या महिला मंडळात एक बाई शिकवून गेल्या होत्या, तेवढ्या आठवणीवर. सिद्रामप्पांनी त्यातल्या दोन बाटल्या सहज म्हणून एका मोठ्या साहेबांकडं नेऊन दिल्या. चार दिवसांनी बाटल्या परत आल्या, स्वच्छ घासलेल्या आणि रिकाम्या. साहेबांच्या बाईंनी विचारलं होतं, अजून मिळेल का?

लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सिद्रामप्पा सुनेशी कधी थेट बोलले नव्हते. त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. “सूनबाई,” ते म्हणाले, “बाईसाहेबांनी तुमचं नाव विचारलं.”

पुढं कितीतरी दिवस तारामती त्या एका वाक्यावर तरंगत होती. तिनं हौसेनं आणखी बाटल्या केल्या. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर साखराबाई म्हणाल्या, यंदाच्याला थांब, साहेब लोकांचं झालं की भाऊबीजेला जा. भाऊबीजेला परगावचे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या वर्षीही ‘यंदाच्याला थांब’ झालं. दुष्काळ पडला तसे टँकरचे साहेब, चाऱ्याचे साहेब, रोजगार हमीचे साहेब असे आणखी लोक आले आणि बाटल्या वाढल्या. माणसं तेवढी बदलून जात, त्यांच्या जागी येणाऱ्यांना मात्र बाटल्यांचं आधीच ठाऊक असे.

केळी अर्धापूरहून येत. तिकडं कालव्याला अजून पाण्याची धार होती. तिचा भाऊ मन्मथ दिवाळीच्या आधी गावातल्या कुणाच्या तरी टेम्पोत घड टाकून घेऊन येई. भाऊबीजेला भेट होणार नाही म्हणून ती त्याला त्याच दिवशी ओवाळून घेई, स्वयंपाकघरातच, घडांच्या ढिगापुढं पाट मांडून. असं तिचं माहेर दरवर्षी तिच्या दारात येऊन पडे. ती मात्र दिवाळीला गेली नव्हती ती नव्हतीच.

यंदा मन्मथ आला तेव्हा पाटावर बसला नाही. आषाढात मायला अर्धांगाचा झटका आला होता. श्रावणात तारामती दोन दिवस जाऊन आली, तेव्हा मायनं तिला ओळखलं, पण तोंडातून शब्द धड फुटला नव्हता. आता बोलते म्हणाला. फार नाही, दोनचार शब्द.

“अंगणाकडं हात करती अन् तुझं नाव घेती,” मन्मथ म्हणाला. “दिवाळी, दिवाळी करून राहिली. ताई, यंदा तरी ये.”

तारामतीनं सासूचा सौदा त्याला सांगितला. धाकटीला जमलं तर येते. मन्मथनं पेरूच्या पाट्या उतरवल्या, चहा घेतला आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी न्यायला येतो असं सांगून गेला. तारामतीची लेक उज्ज्वला दुसरीत होती. मामा येणार म्हटल्यावर तिनं आपला नवा फ्रॉक त्याच संध्याकाळी पिशवीत भरून टाकला आणि शेजारपाजारी सांगून आली, आम्ही केळीच्या गावाला जाणार.

महानंदाचा पहिला घाणा साखराबाईंनी चाखून पाहिला. बोटाला लावला, जिभेवर ठेवला, थोडा वेळ डोळे बारीक केले. दुसऱ्या दिवशी दुपारी डाळमिल बंद होती. तूर येईना म्हणून यंदा ती आठवड्यातून तीनच दिवस चाले, आणि बंद असली की घराला कान असल्यासारखे सगळे हळू बोलत. साखराबाई ओसरीवर कापसाच्या वाती वळत होत्या. त्यांनी तारामतीला जवळ बोलावून कापूस तिच्या मांडीवर दिला.

“पोरीचा हात चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्यापरीस साफ.”

तारामती वात वळत राहिली. ते वाक्य तिला लागलं, हे खरं. पण पुढचं वाक्य ऐकताना तिचा हात थांबला.

“आता तिला नांदेडला कशाला धाडायचं? मास्तरीण होऊन पगार आणायचाय का आपल्याला? संगप्पाला इचारलं मी. तो काय, हाव म्हनतोय. दिवाळसणाला किनवटला जातीलच दोघं, तवा तिच्या बापाच्या कानावर घालू. येताना हॉस्टेलातनं तिची ट्रंक घेऊन यायची. संक्रांतीला बी बाटल्या द्यायच्या म्हनायलेत तुझे मामंजी.”

“शब्द दिला हुता की, आत्याबाई. तिच्या बाबांना.”

“दिला हुता. मंग? घरात काम पडलं तर काय करावं?” साखराबाईंनी वळलेली वात ताटात ठेवली. “आन तू जा मनमोकळी. लई दिवस झाले तुला. मी काय दुष्मन हाय का तुझी?”

त्या दुष्मन नव्हत्या. त्यांचं स्वतःचं माहेर भालकीकडं, सीमेपलीकडं होतं. तिथं आता कोण उरलं आहे हेही त्यांना नीट सांगता येत नसे. त्यांच्या दृष्टीनं त्या सुनेला मोठी मोकळीक देत होत्या. तारामतीनं ताटातल्या वाती एका दिशेनं लावल्या आणि उठून आत गेली.

आत महानंदा बाटल्या उकळत होती. टँकरचं पाणी मोजूनमापून वापरायचं म्हणून तिनं एकाच पाण्यात बाटल्या आळीपाळीनं बुडवायची युक्ती काढली होती. उकळल्या की फडक्यावर पालथ्या घालायच्या, कोरड्या ठणठणीत होईतो उलटायच्या नाहीत, हे ती मनाशी पुटपुटत होती. धडा पाठ करावा तशी.

तारामती तिच्याजवळ बसली. “नंदा,” ती हळूच म्हणाली, “इतकं जीव लावून करू नको.”

महानंदानं हसून मागं पाहिलं. “का हो, अक्का?”

“नीट झालं की मागंच लागतेत लोक.”

“लागू द्या की. आत्याबाई काल पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलल्या. मामंजींनी संगप्पांजवळ माझं नाव काढलं म्हणे.” तिचा चेहरा वाफेनं आणि सुखानं लाल झाला होता. “सुटीपुरतं तर आहे. सुटी संपली की मी चालले माझ्या हॉस्टेलात.”

“न्हाई पाठवलं तर?”

“असं कसं? साखरपुड्यात सगळ्यांसमोर शब्द दिलाय. बाबांना विचारा.” आणि मग जरा खालच्या आवाजात, जणू मोठ्या जावेची समजूत घालावी तसं, ती म्हणाली, “तुम्ही काळजी करू नका. तुम्ही जाऊन या मायकडं. मी सांभाळते इथलं.”

तारामतीनं पालथ्या बाटल्यांची ओळ सारखी केली. काय सांगायचं होतं? उंबऱ्याशी येऊन कुणी आपलं नाव घेतलं की कसं वाटतं, ते तिला माहीत होतं. त्या वेळी तिला कुणी सांगितलं असतं तर तिनंही ऐकलं नसतं. कदाचित उलट जाऊन सासूलाच विचारलं असतं, की अक्का असं म्हणतात, खरं का? महानंदानंही तेच केलं असतं. मग ना हिचं कॉलेज राहिलं असतं, ना अर्धापूर.

मोठा घाणा घालायचा दिवस उजाडला. सकाळपासून तुराट्यांचा जाळ पेटलेला होता. महानंदाच सगळं करत होती. तारामती फक्त पुढं-मागं सामान देत होती. पेरूचं पाणी गाळणं, गर घोटणं, लिंबूसत्त्व घालणं, थेंब पाडून बघणं, कशालाही तिनं विचारलं नाही. दुपारपर्यंत बाटल्या भरून फळीवर ओळीनं उभ्या राहिल्या. थोड्या निवल्या की वितळलेलं मेण वर ओतायचं आणि झाकणं लावायची, इतकंच राहिलं होतं. मेणाचं पातेलं निखाऱ्यावर ठेवलेलं होतं.

तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. बायका कळशा-घागरी घेऊन धावल्या. साखराबाईंनी अंगणातून महानंदाला हाक मारली, हौदात पाइप धरायला ये म्हणून, नाहीतर हे लोक निम्मं पाणी रस्त्यावर सांडतात. महानंदा हात पुसत पळाली.

स्वयंपाकघरात तारामती एकटी राहिली. बाहेर पाण्यावरून चाललेला गलका ऐकू येत होता. फळीवरच्या बाटल्यांतून वाफ निघत होती. तिनं खुंटीवरचा डाव काढला. कोरडा होता, महानंदानं उन्हात वाळवून ठेवलेला. कोपऱ्यातल्या रांजणावरचं झाकण तिनं बाजूला केलं. मागच्या टँकरचं पाणी होतं ते, तळाशी गाळ बसलेलं, उकळलेलं नव्हतं. तिनं डाव त्यात बुडवला, वर काढला आणि थेंब ठिबकत असतानाच पहिल्या बाटलीत उतरवून एकदा फिरवला.

मग ती थांबली. एकच बिघडली तर बाटलीचा दोष निघेल, मेणाचा निघेल, पोरीच्या हाताचा निघणार नाही. तिनं डाव पुन्हा रांजणात बुडवला. दुसरी बाटली. तिसरी. हात भरभर चालत होता. भाजी वाढावी तशी ती ओळीनं पुढं सरकत गेली. शेवटच्या बाटलीपाशी मायचा चेहरा आठवला, बाजेवरून अंगणाकडं उचललेला तो एकच हात. बाहेर टँकरवाला ओरडला, बस झालं, पाइप काढा. तारामतीनं शेवटच्या बाटलीतही डाव फिरवला. मग तो फडक्यानं पुसला, निखाऱ्यावर धरून कोरडा केला आणि होता तसा खुंटीला अडकवला.

महानंदा आली ती निम्मी भिजलेली आणि हसत. पाइप निसटून तोंडावर आला म्हणाली, फुकटात आंघोळ झाली. हात-पाय कोरडे करून तिनं मेणाचं पातेलं उचललं आणि एकेका बाटलीवर इतकं बेतानं मेण ओतलं, की कुठं ओघळ आला नाही. ओतताना ती श्वाससुद्धा रोखून धरत होती. तारामती तिच्या मागं उभी राहून झाकणं देत गेली.

बाटल्या माजघरातल्या फडताळात गेल्या. साखराबाई येताजाता त्यांच्याकडं बघत. त्यातल्या दोन बाटल्या सिद्रामप्पांनी चार दिवसांतच बाहेर काढल्या, कारण एक साहेब दिवाळीसाठी रजा घेऊन गावी निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा शिपाई त्या दोन्ही बाटल्या घेऊन दारात उभा राहिला. एकीचं झाकण उडालं होतं आणि मेणाची चकती वाकडी होऊन वर आली होती. खालून फेस निघत होता. शिंदीच्या मडक्याला येतो तसला वास ओसरीभर पसरला. शिपाई मान खाली घालून म्हणाला, बाईसाहेबांच्या पेटीत साड्यांवर सांडलं.

साखराबाईंनी फडताळ उघडलं. सगळ्याच बाटल्या फसफसल्या होत्या. त्यांनी एक उचलून नाकाशी नेली. मग त्यांची नजर महानंदाकडं गेली, तिथून तारामतीकडं आली आणि जरा जास्तच वेळ तिथंच राहिली. तारामतीनं नजर खाली घातली नाही. मग साखराबाई महानंदाकडं वळल्या.

त्या दिवशी घरात जे बोललं गेलं ते सगळं महानंदानं दाराला टेकून ऐकलं. दुष्काळात इतकी साखर, इतकं पाणी नासलं. साहेबांपुढं तोंड दाखवायला जागा राहिली नाही. कॉलेजात काय शिकवतात, हात कोरडा ठेवायचं पण शिकवत नाहीत का? पंच्याचं टोक झटकून सिद्रामप्पा एवढंच म्हणाले, की ही शिकायलाच बरी; शब्द दिला आहे तर जाऊ द्या, हिच्यानं घरचं काही व्हायचं नाही. साखराबाई म्हणाल्या, जाऊ दे तर मग, हितं ठेवून काय करायचं. तारामतीला कुणी काही विचारलं नाही. नव्यानं बाटल्या तिनंच करायच्या, हे न बोलताच ठरून गेलं. अर्धापूरला ट्रंककॉल गेला, अजून केळी घेऊन या म्हणून.

दुपारी महानंदा तिच्यापाशी आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता.

“अक्का, माझा डाव कोरडा होता.”

तारामती साखर निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तुम्ही तिथंच होतात. तुम्ही पाहिलंय. तुम्ही सांगितलं तर आत्याबाई ऐकतील. हवं तर मी सगळं पुन्हा करते, माझ्या हातानं. एकदा सांगून बघा.”

परातीतून एक मुंगी साखरेवर चढत होती. तारामतीनं ती चिमटीत धरून बाहेर टाकली.

“मी कुठं बघत बसले हुते,” ती म्हणाली. “मला माझी कामं न्हाईत का?”

महानंदा जायला वळली आणि थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि तिथंच थिजलं. रांजणाकडं बघून तिनं खुंटीवरच्या डावाकडं बघितलं आणि शेवटी तारामतीच्या वाकलेल्या मानेकडं. ती आपल्या खोलीत निघून गेली.

वैजनाथ, तारामतीचा नवरा, जेवताना म्हणाला, धाकटीचं कौतुक झालेलं तुला पचलं नाही असं आई म्हणत होती, खरं का? तारामतीनं त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

मन्मथ ठरल्या दिवशी आला, टेम्पोत केळी घेऊन. ट्रंककॉलवर पोस्टातल्या माणसानं केळ्यांचा निरोप दिला होता, बाकी त्याला काही माहीत नव्हतं. बहिणीला कंबरदुखी आहे म्हणून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्यानं घरून गोधडी आणून अंथरली होती. घड उतरवून झाल्यावर तो तिला म्हणाला, आवर, ऊन वाढायच्या आत निघू. तारामतीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, यंदाही जमायचं न्हाई. मग त्यानं फळीवरच्या रिकाम्या बाटल्यांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“मायला काय सांगू?”

“सांग, बाटल्या झाल्या की येते.”

“मी तिला खोटं सांगणार न्हाई, ताई. तुला यायचंच नसलं तर तसं सांग.”

ती उतरवलेले घड भिंतीशी लावू लागली. उज्ज्वला दारामागं उभी राहून ऐकत होती. ती गेली आणि पिशवीतला फ्रॉक काढून पुन्हा दांडीवर टाकून आली.

टेम्पो नांदेडवरूनच परत जाणार होता. किनवटची गाडी नांदेडहून सुटते, तेव्हा संगप्पा आणि महानंदा त्याच टेम्पोतून निघाले. पाडव्याचा सण किनवटला करून महानंदा तिथूनच हॉस्टेलला जाणार होती. तिनं सिद्रामप्पांच्या पाया पडून घेतलं, साखराबाईंच्या पाया पडली, वैजनाथला वाकून नमस्कार केला. तारामती तुळशीपाशी उभी होती. महानंदा तिच्यासमोरून गेली, जराही न थांबता, जशी तिथं कुणी उभंच नव्हतं. संगप्पानं गोंधळून मागं पाहिलं, काही म्हणायला गेला, मग तोही निघाला.

टेम्पोत पुढं एकच सीट होती. मन्मथनं महानंदाला तिथं बसवलं, गोधडीवर, आणि स्वतः संगप्पाबरोबर मागं हौद्यात चढला. महानंदानं पुस्तकांची पिशवी मांडीवर घेतली. टेम्पो वळला. गल्लीच्या तोंडाशी धूळ उडाली आणि ती बसायच्या आत तो मुख्य रस्त्याला लागलाही.

साखराबाई दारातच उभ्या होत्या. “एवढ्या वर्सांत तुझी एक बाटली कधी फसफसली न्हाई,” त्या रस्त्याकडंच बघत म्हणाल्या.

तारामती तुळशीपासून दाराशी आली.

“गेली बिचारी रुसून. तिला काय कळतंय.” साखराबाईंनी तारामतीच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी असा हात कधी ठेवला नव्हता. “दिवाळी झाली की तुझ्या मायला हितंच आणू. जिल्ह्याचा दवाखाना झालाय आता, डॉक्टर हायेत. मागली खोली देऊ तिला. तुझ्या डोळ्यापुढं ऱ्हाईल. मंग तुला कुठं जायचं कामच पडणार न्हाई.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माया होती, आणि ती खरी होती.

“बरं,” तारामती म्हणाली.

आत सोललेल्या केळ्यांची परात उघडीच राहिली होती. हवेनं केळी कडेकडेनं काळी पडायला लागली होती. तिनं पदर खोचला आणि जाळ सारखा केला. मग मोठं पातेलं चुलीवर चढवलं.